एका पदाला तीन उमेदवार

वर्तमानपत्रात जाहिरात आली त्या सकाळी डॉ. वीरधवल खराडे यांना पहिला फोन आला तो कुपवाडच्या एका यूपीएस दुरुस्त करणाऱ्याचा.

"साहेब, कॉम्प्युटरची शाश्वती म्हणजे गॅरंटीच ना? मग आपण एक वर्षाची देतो. बॅटरी सोडून."

सरांनी कप खाली ठेवला आणि पेपर उघडला. सहायक प्राध्यापक, पद एक. विषय, 'संगणकीय शाश्वती व पर्यावरण अभियांत्रिकी'. 'शाश्वतता' या शब्दाचं शेपूट छपाईत तुटलं होतं आणि उरलेल्या धडाला कुणीतरी वेलांटी चिकटवली होती. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका खाजगी विद्यापीठात पर्यावरण विभागाचे प्रमुख असलेल्या माणसाने आठवडाभर बसून घडवलेली जाहिरात होती ती. दुपारपर्यंत आणखी फोन आले. एका गृहस्थांनी तर संगणकाला विमा मिळतो का, असं विचारलं. सरांनी प्रत्येकाला विषय समजावून सांगितला, कारण शिक्षकाने कुणाचंही अज्ञान वाया जाऊ देऊ नये असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी फाटकाशी हंबीरराव भेटले. हंबीरराव म्हणजे शेजारचे निवृत्त सुभेदार. गाव शिराळ्याकडचं, तिथे ऊस. इथे विश्रामबागेत बंगला. आणि दोन्हींतून उरलेला सगळा वेळ शेजाऱ्यांना सल्ला.

"सर, ह्यो नवा विषय म्हंजी नक्की काय म्हनायचं?"

"असं बघा हंबीरराव. पाऊस किती पडेल, धरणातून पाणी किती सुटेल, उसाला किती लागेल, कारखाने किती घाण करतील, हे सगळं संगणकात मांडायचं आणि आपल्या नातवंडांना काय उरेल ते आधीच सांगायचं."

हंबीररावांनी बराच विचार केला. "म्हंजी कॉम्प्युटरवरचं पंचांगच की."

सर घरात निघून गेले. पंचवीस वर्षांच्या अध्यापनात एवढी मानहानी झाली नव्हती. आणि दुःख याचं की व्याख्या अगदीच चुकीची नव्हती.

जाहिरात दुरुस्त करून पुन्हा दिली गेली. या वेळी शब्द बरोबर छापला गेला, आणि त्याचा परिणाम असा झाला की अर्ज फक्त एक आला.

तो एक अर्ज मात्र सर ज्याची वाट बघत होते तोच होता. डॉ. क्रांती सरगर. जतच्या पलीकडच्या वाडीतली, मेंढपाळाच्या घरातली मुलगी. ज्या मुलखात पाण्याच्या टँकरला पाहुण्यासारखं सामोरं जातात तिथे वाढली आणि पीएचडी केली महापुरावर. कृष्णेला पूर आला तर पाणी सांगलीच्या कोणत्या गल्लीत कधी शिरेल, हे सांगणारी तिची पद्धत होती. एके काळी सरांची विद्यार्थिनी. आता बेंगळुरूच्या कंपनीत चांगल्या नोकरीला. सरांनीच तिला फोन करून म्हटलं होतं, "तू इकडे ये. पूर इथे येतो आणि त्याचा अभ्यास तिकडे बसून कसला करतेस?" दोन दिवसांनी तिचा अर्ज आला. एखाद्याला सल्ला द्यावा आणि त्याने तो खरोखर ऐकावा, यासारखी जबाबदारी दुसरी नाही.

सर आनंदाने कुलसचिवांकडे गेले. कुलसचिव म्हणजे संस्थेचे नियम ज्यांच्या पोटात राहतात असा माणूस. ते म्हणाले, "मुलाखतीला किमान तीन उमेदवार हजर हवेत."

"पण अर्ज एकच आहे. आणि तो उत्तम आहे."

"उत्तम असेल हो. पण एकातून एक काढला तर त्याला निवड म्हणत नाहीत. आणि मार्चअखेर पद भरलं नाही तर ते गोठतं."

"गोठलं की पुन्हा वितळतं कधी?"

"माझ्या काळात तरी वितळलेलं नाही."

सरांनी ही अडचण घरी सांगितली, ती भिंतीपलीकडे हंबीररावांनी ऐकली, आणि ते चप्पल न घालताच आले.

"आवं सर, ह्यात काय अवघड हाय? मैदानात पैलवान एकलाच आला तर कुस्ती हुती का? न्हाई. मग पंच काय करत्यात? जोड लावत्यात. दोन गडी हुबे करा की. फकस्त एक ध्यानात ठेवा, जोड हलकी लावायची. आपला गडी चितपट मारंल अशी."

"हंबीरराव, ही विद्यापीठाची निवड समिती आहे. कुस्तीचं मैदान नव्हे."

"तितं तर लय डाव चालत्यात म्हंत्यात."

सरांनी हा सल्ला तिरस्काराने फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी अमलात आणला.

पहिली जोड सहज मिळाली. रविराज कोरे, मिरजेला पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा सरांचा जुना विद्यार्थी. त्याची पीएचडी काँक्रीटमधल्या राखेवर होती. राख हा पर्यावरणाचाच भाग, असं सरांनी स्वतःला पटवलं. रविराज म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तिथे बसतो. फक्त आमच्याकडे दिवस भरत आलेत, तेवढं बघा."

दुसरी जोड मिळेना. पुण्यातले लोक भाडं विचारत, कोल्हापूरचे लोक पद कुणासाठी आहे ते विचारत. शेवटी सरांच्या पत्नी समीक्षाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमचा इंद्रजित आहे की डॉक्टर. तुमच्याच विषयातला."

हे खरं होतं, पण सगळे विसरले होते. इंद्रजित हा सरांचा मेव्हणा. साताऱ्याला त्याचं मंगल कार्यालय होतं. तरुणपणी त्याने साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर पीएचडी केली, दोन वर्षं नोकरी शोधली, आणि वडील गेल्यावर कार्यालयाच्या गल्ल्यावर बसला तो बसलाच. आता त्याच्या नावामागचं 'डॉ.' फक्त लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून छापलं जाई, आणि ते वाचून पाहुणे त्याला गुडघेदुखीवर औषध विचारत.

"दाजी, मला त्यातलं आता काही आठवत नाही हो," तो फोनवर म्हणाला.

"तेच हवंय. येऊन बस, थोडं अडखळ, आणि समीक्षाला भेटून परत जा."

"अडखळायला जमेल," इंद्रजित म्हणाला.

सरांनी तिसरा फोन क्रांतीला केला, आणि सगळ्यात मोठी चूक इथे झाली. ते म्हणाले, "तू अजिबात काळजी करू नकोस. सगळी व्यवस्था झालीय. समितीतले लोक दमलेले असतात, त्यांना फार खोलात नेऊ नकोस. थोडक्यात आटप."

तिने विचारलं, "व्यवस्था म्हणजे काय, सर?"

"म्हणजे… व्यवस्था," सर म्हणाले, आणि कुणीतरी दार वाजवल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. दार कुणीही वाजवलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी समिती जमली. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख म्हणून खराडे सर, आणि बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ. या विषयाचा तज्ज्ञ जवळपास कुठे सापडला नव्हता, म्हणून संगणकाचे एक आणि पर्यावरणाचे एक असे दोघे मिळून एक तज्ज्ञ केला होता. संगणकाचे तज्ज्ञ पर्यावरणाचं काही निघालं की शेजारी बघत, पर्यावरणाचे तज्ज्ञ संगणकाचं निघालं की शेजारी बघत. दोघांना जोडणारं काही निघालं की दोघेही कुलगुरूंकडे बघत आणि कुलगुरू गंभीरपणे मान हलवत.

सुरुवातीला कुलसचिवांनी नियमाप्रमाणे विचारलं, "समितीतल्या कुणाचा उमेदवारांशी नातेसंबंध?" बाकी सगळे नाही म्हणाले. खराडे सर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

पहिला रविराज. त्याचा पत्ताच नव्हता. सर दाराकडे बघू लागले. दोनच उमेदवार म्हणजे पुन्हा तेच. अर्ध्या तासाने तो धावत आला, पायात स्लीपर, शर्टाच्या खिशाला मिरजेच्या दवाखान्याचा पास. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

"संगणकीय शाश्वतता म्हणजे तुमच्या मते काय?" कुलगुरूंनी विचारलं.

"सर, मुलगी झाली," रविराज म्हणाला.

समितीने एकमुखाने त्याचं अभिनंदन केलं. मग कुणाला पुढचा प्रश्न सुचेना. पर्यावरणाच्या तज्ज्ञांनी वजन विचारलं, ते त्याने बरोबर सांगितलं, आणि त्याची मुलाखत संपली.

मग क्रांती आली. सरांनी सांगितलं होतं तसंच तिने केलं. थोडक्यात आटपलं. नकाशे दाखवले नाहीत, गणित दाखवलं नाही, विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर दिलं. तिच्या आवाजात एक कोरडेपणा होता. लग्न ठरल्यावर उगाच दाखवायला नेलेल्या मुलीचा असतो तसा. "धन्यवाद" म्हणून ती उठली, आणि जाताना तिने एकदाही सरांकडे पाहिलं नाही. संगणकाचे तज्ज्ञ पुटपुटले, "हुशार आहे. पण इच्छा दिसत नाही."

शेवटी इंद्रजित. आत येताच तो म्हणाला, "नमस्कार दा… सर." कुलगुरू प्रसन्न झाले. त्यांना वाटलं, हा खराडेंना दादासर म्हणतो; काय हा आदर.

आणि इंद्रजित अडखळला नाही. निदान पहिल्या दोन वाक्यांनंतर नाही. पर्यावरणाच्या तज्ज्ञांनी सहज विचारलं, "साखर कारखान्याच्या पाण्यावर काम केलंय म्हणता, मग सोडलंत का?" इंद्रजित बोलू लागला. गळिताच्या हंगामात ओढ्याचं पाणी कसं काळं होतं, मासे आधी कडेला येऊन कसे तोंड उघडतात, मग गावातल्या बायका कोणत्या विहिरीवर जायच्या थांबतात. तपासणीच्या बाटल्या सायकलला बांधून त्याने किती गावं पालथी घातली. मंगल कार्यालयात वाढपी आणि आचाऱ्यांना हाताळून त्याची वाणी अशी तयार झाली होती की मागच्या पंगतीपर्यंत ऐकू जावी. जे आठवत नाही असं तो म्हणत होता ते सगळं त्याला आठवत होतं. संगणकाचे तज्ज्ञही शेजारी बघायचे विसरले.

तो बाहेर गेला तेव्हा कुलगुरू म्हणाले, "मला वाटतं आपल्याला माणूस मिळाला."

कुलसचिवांनी पेनचं टोपण काढलं. खराडे सर "एक मिनिट" म्हणून बाहेर आले. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हातही त्यांचाच होता आणि ज्योतिषीही तेच.

व्हरांड्याच्या टोकाला इंद्रजित उभा होता. त्याचे डोळे ओले होते.

"इंद्रजित, तुला अडखळायला सांगितलं होतं."

"हो दाजी. अडखळणारच होतो. पण त्यांनी विचारलं, सोडलंत का. इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं हो. सगळे विचारतात, हॉल किती तारखेला मोकळा आहे." त्याने डोळे पुसले. "दाजी, मला आता हे पद हवंसं वाटायला लागलंय."

दूर जिन्यावर क्रांती बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. तिला रात्रीच्या बसने बेंगळुरूला परत जायचं होतं. मध्ये उभे असलेले सर इकडे बघत, तिकडे बघत. एक घरचा, एक दारची. दोघांनाही त्यांनीच बोलावलेलं, आणि तेही खोट्या मुलाखतीला. त्यांच्या नावात वीर होता हे खरं, पण आजवर त्याची गरज पडली नव्हती.

ते क्रांतीकडे गेले. "तू मनापासून का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, व्यवस्था झालीय." ती शांतपणे म्हणाली. "माझे वडील पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडे जायचे. वाटेत कुणी 'व्यवस्था केलीय' म्हणालं की ते त्या गावात मुक्काम करत नसत. मला वाटलं, प्राध्यापक लोक वेगळे असतील."

सर आत गेले. कुलसचिवांची सही होऊन गेली होती, कुलगुरूंची व्हायची होती.

"साहेब, थांबा. तो माझा मेव्हणा आहे."

कुलगुरूंनी वर पाहिलं. "दादासर म्हणाला तो?"

"दाजी म्हणायचं होतं त्याला."

कुलगुरू हसले. "मग काय झालं? माणूस लायक आहे. तुम्ही बैठकीत नव्हता असं दाखवू."

आता थांबायला हरकत नव्हती. वाट मोकळी होती, घरी समीक्षाताईंनी शिरा केला असता. पण सर उभेच राहिले आणि म्हणाले, "तेवढंच नाही. तो स्वतःहून आलेला नाही. मी त्याला हरायला बोलावलं होतं. त्या रविराजलाही. तीनची अट पुरी व्हावी म्हणून. आणि जी खरी उमेदवार होती तिला मी सांगितलं की तू नुसती येऊन जा. या तिघांतल्या एकाचीही मुलाखत आज खरी झालेली नाही."

पेनचं टोपण परत लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पुढे व्हायचं ते झालं. मुलाखत रद्द झाली. सरांचं विभागप्रमुखपद गेलं. त्यांची खुर्ची प्रयोगशाळेलगतच्या खोलीत हलवली गेली, जिच्या खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसे. समीक्षाताई बरेच दिवस त्यांच्याशी फक्त गॅस संपल्याविषयी बोलल्या. इंद्रजितने फोन उचलला नाही. हंबीररावांनी मात्र फाटकाशी उभं राहून सांत्वन केलं, "सर, डाव चांगला हुता. जोड जड पडली."

"हंबीरराव, यापुढे मला सल्ला देऊ नका."

"ऱ्हायलं. पर ह्या बाबतीत एक सांगू का?" असं म्हणून त्यांनी दिलाच.

बातमी मात्र पसरली. तिखटमीठ लावून एका स्थानिक पेपरात आली, मग लोकांच्या मोबाइलवरून पुण्याला गेली, तिथून आणखी कुठे कुठे. 'हरण्यासाठी उमेदवार भाड्याने' असा मथळा होता. सर ते वाचून दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. पण त्या गवगव्याचा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता असा झाला. सांगलीत असं एक पद आहे, आणि ते अजून रिकामं आहे, हे देशभर कळलं. संस्थेची लाज झाकायला अध्यक्षांनी पदाची मुदत वाढवून घेतली, आणि तिसऱ्या जाहिरातीला अर्जांचा ढीग आला. दूरदूरच्या मोठ्या संस्थांतून शिकलेली मुलं. परदेशातून परत यायला निघालेला एक. साताऱ्याहून डॉ. इंद्रजित, या वेळी स्वतःहून. आणि क्रांती सरगर, जी अर्ज करील असं सरांना वाटलं नव्हतं. त्यांनी तिला फोन केलाही नव्हता. करण्याचं धाडस नव्हतं.

दोन दिवस मुलाखती चालल्या. समितीवर खरे तज्ज्ञ आले होते, नदीचं आणि संगणकाचं दोन्ही कळणारे. खराडे सरांना त्या मजल्यावर जायला मनाई नव्हती, पण गेले नाहीत. आपल्या खोलीत टाकीकडे बघत पेपर तपासत बसले. एक पेपर त्यांनी दोनदा तपासला आणि दुसऱ्यांदा कमी गुण दिले.

आधी इंद्रजित आला. दार ढकलून आत येऊन खुर्चीत बसला. कितीतरी दिवसांनी समोर बसत होता.

"नाही व्हायचं माझं," तो म्हणाला. "ती पोरं फार पुढे गेलीत, दाजी. मी ज्याला संशोधन म्हणत होतो ते त्यांच्या प्रस्तावनेत संपतं."

"मला माफ कर, इंद्रजित."

"तुम्हाला काही कळत नाही दाजी, हे मला लग्नापासून माहीत आहे." तो हसला, आणि ते हसू खरं होतं. "पण आज हरलो ते माझं माझं हरलो. त्या दिवशी जिंकलो होतो ते कुणाचं होतं कोण जाणे. आता जाऊन कार्यालयाच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते बघतो. एवढी वर्षं लग्नं लावली, मागे ओढ्यात काय सोडतोय ते एकदाही पाहिलं नाही."

तो गेला. संध्याकाळ होत आली. मग व्हरांड्यात पावलं वाजली आणि क्रांती दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, हाताला फळ्याच्या मार्करची शाई, घसा बसलेला. सरांनी उठून खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास दिला. ती गटागटा प्यायली.

"किती वेळ चाललं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही. फार विचारलं त्यांनी. एका गणितात अडकले मी. त्यांच्यासमोर पुसून पुन्हा मांडलं." तिने ग्लास खाली ठेवला. "सर, मागच्या वेळी मला भीतीच वाटली नव्हती."

"आणि आज?"

"आज वाटली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसली. "निकाल लागलाय. मलाच घेतलं त्यांनी."

सरांना खूप काही बोलायचं होतं. पंचवीस वर्षांच्या अध्यापनात जमलेली वाक्यं त्यांच्याकडे होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही. ते नुसते उभे राहिले, आपल्यापेक्षा मोठ्या माणसापुढे राहावं तसे, आणि म्हणाले, "या, सरगर मॅडम."